खालचा कागद

2022 च्या एप्रिल महिन्यात आमच्या पिंप्राळ्यातील बचत गटाची जी फजिती झाली, ती आम्ही आजवर गटाच्या बैठकीबाहेर कोठे सांगितलेली नाही. परंतु अलीकडे बऱ्याच वस्त्यांतून भगिनी कर्ज काढून मशीनचे भरतकाम सुरू करीत आहेत. ओळखीच्या दोन गटांनी आम्हाला दर विचारले, मशीन कोणते घ्यावे ते विचारले, दोरा कोठून आणता ते विचारले. कापडाखाली काय लावता, हे मात्र कोणीच विचारले नाही. आम्हीही कधी विचारले नव्हते. म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहोत.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो आणि हिशेबाच्या टेबलावर बसलो ते आजतागायत. कार्यालय सुटल्यावर व रविवारी वस्तीतील कामे पाहतो. कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, विहाराच्या वर्गणीचा हिशेब, आणि दहा भगिनींच्या बचत गटाची वही. वही खरे तर भगिनींनीच लिहावयाची. पण गट स्थापन झाला तेव्हा 'भाऊ, तुम्ही शिकेल आहात, तुम्हीच लिहा' असे म्हणून ती आमच्याकडे आली, आणि आम्हालाही त्यात मोठेपणा वाटला. पुढे जे घडले त्याचे मूळ थोडेफार ह्या मोठेपणातही आहे.

गटाने कर्जातून दोन झिगझॅग मशिनी घेतल्या होत्या. ज्यांनी हे मशीन पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साध्या शिलाई मशीनची सुई जागच्या जागी वरखाली होते. ह्याची सुई वरखाली होता होता डावी-उजवीकडेही झुलते. गुडघ्याजवळ एक दांडी असते. ती दाबली की झोका रुंद होतो, सोडली की अरुंद. कापड रिंगमध्ये ताणून बसवायचे आणि ती रिंग दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायची. म्हणजे नक्षी हाताने, रुंदी गुडघ्याने आणि वेग पायाने, असे तिन्ही एकाच वेळी सांभाळावे लागते. आमच्या ओळीत चार घरे सोडून राहणाऱ्या एक ताई ह्या कामात तरबेज. माहेरी यावलला असतानाच त्या शिकलेल्या. त्यांचे पती दाणा बाजारात हमाली करतात. मोठी मुलगी त्या वर्षी दहावीला होती.

भरतकाम करताना कापडाखाली काहीतरी लावावे लागते, एवढे सर्वांना ठाऊक असते. नाहीतर कापड सुईबरोबर खाली ओढले जाते आणि चुण्या पडतात. ताई पूर्वी वर्तमानपत्राचे पान लावीत. पण त्याची शाई पांढऱ्या कापडाला लागते, म्हणून त्यांनी दुकानातून कागद आणून द्या असे आम्हाला सांगितले. आमच्यातला बी.कॉम. तेथे जागा झाला. आमचे कार्यालय संगणकावर गेल्यापासून कोरी लेजर बुके कपाटात पडून होती. ती रद्दीत निघाली, तेव्हा आम्ही रीतसर पैसे भरून रद्दीच्या भावाने घेतली. चांगला जाड, पिवळसर, टिकाऊ कागद. गटाच्या खर्चपत्रकात दोरा, सुई, तेल, वीज, मजुरी असे रकाने होते. कागदाच्या रकान्यात आम्ही शून्य मांडले आणि बैठकीत ते मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले.

आणि तो कागद चाललाही. केसमेंटच्या कापडावरची उशांची खोळ, टेबलक्लॉथ, रुमाल, डेनिमच्या पिशव्या ह्या सर्वांखाली लेजरचे पान लावायचे, काम झाले की मागून टराटरा फाडून टाकायचे. उलटी बाजू साफ. दोन-अडीच वर्षे काही तक्रार आली नाही. ताई एवढेच म्हणत, की मशीनच्या बॉबिनमध्ये कागदाचा भुसा फार साचतो आणि सुई लवकर बोथट होते. आम्ही ब्रश आणून दिला.

2020 आणि 2021 ह्या दोन्ही वर्षी जयंती घरातल्या घरात झाली, हे वाचकांना आठवत असेल. त्यामुळे 2022 ची जयंती म्हणजे पोरांच्या अंगात वारे शिरलेले. वस्तीजवळच्या एका मंडळाने साठ निळे टी-शर्ट आणले आणि छातीवर पांढरे अशोकचक्र भरून द्या म्हणून गटाकडे आले. नगाला चाळीस रुपये. म्हणजे चोवीसशे रुपयांचे काम, त्यात नगामागे पंधरा रुपयांप्रमाणे नऊशे रुपये ताईंची मजुरी. छापून घेतले असते तर स्वस्त पडले असते. पण आपल्याच भगिनींना काम द्यावे म्हणून ती मुले आली होती.

पहिल्या दोन नगांनंतरच ताई दारात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, ह्या कापडाखाली तो कागद टिकत नाही. निम्मे आरे होईस्तोवर खालचा कागद फाटून मोकळा होतो."

आम्ही म्हणालो, "ताई, मग दोन पाने लावा."

त्यांनी दोन पाने लावली. दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर मुलगीही मदतीला बसली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालू होते. 12 एप्रिलला साठ टी-शर्ट इस्त्री करून मंडळाला दिले. चक्र रिंगमध्ये होते तेव्हा गोल होते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. इस्त्रीनंतर थोडे लांबट दिसले. निळ्यावर पांढरे उठून दिसते म्हणून तसे वाटत असेल, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

13 तारखेला रात्री मंडळाची चार मुले आली. नवीन कपडा एकदा धुऊन घालावा म्हणून काहींच्या घरी टी-शर्ट धुतले होते. चक्राचे अंडे झाले होते. भोवती चुण्यांची झालर. एका मुलाने आम्ही ऐकावे अशा बेताने म्हटले, "हे चक्र आहे का पेरू?" कागद मागून पुरता निघाला नव्हता. आऱ्यांच्या मध्ये अडकलेल्या कपच्यांचा पाण्यात लगदा झाला होता आणि वाळल्यावर त्याचे खडे. चौदा एप्रिलच्या उन्हात तो टी-शर्ट घालून मिरवणुकीत चालायचे म्हणजे छातीवर वाळू बांधण्यासारखे. मुलांनी जुने कुर्ते घातले. मजुरी तर मिळाली नाहीच, वर टी-शर्टच्या किमतीपैकी पंधराशे रुपये गटाने भरून द्यावेत असे ठरले. ते योग्यही होते.

आता आमच्या हातून घडलेली वाईट गोष्ट. महिनाअखेरच्या बैठकीत कारण काय लिहायचे हा प्रश्न आला. इतर कामे चांगली झाली होती, मशीन तेच, दोरा तोच, कागद तोच. मग बदलले काय? रात्रीचे जागरण, घाई, थकलेला हात. आम्ही इतिवृत्तात लिहिले: 'कारागीर भगिनींच्या निष्काळजीपणामुळे माल सदोष झाला. सबब सदर कामाची मजुरी देण्यात येऊ नये.' वाचून दाखविले. ताईंनी पदराने हात पुसले आणि सही केली. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या मशीनवर बसल्या नाहीत. पिको-फॉलची कामे घरी आणून करू लागल्या. आमच्या घरच्या आयुष्मती मात्र आमच्याशी बोलल्या, आणि जे बोलल्या ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो. त्या दोन दिवसांत गावाबाहेर गेलेली माणसे घरी येतात, मग घर कोणत्याही समाजाचे असो. त्या वर्षी एकादशी 10 जुलैला होती. सुरतेहून आमचा भाचा आला. खान्देशातून सुरतेला पोट भरायला गेलेली किती कुटुंबे आहेत हे वाचकांना सांगायला नको. उधना, लिंबायत भागात फिरलात तर अहिराणी कानावर पडते. हा भाचा तेथे भरतकामाच्या कारखान्यात कारागीर आहे. जेवता जेवता टी-शर्टचा विषय निघाला. परत आलेल्या मालातील काही नग आमच्याकडेच होते. एक आणून त्याच्यापुढे धरला.

तो म्हणाला, "मामा, उलटा करा."

उलटा केला.

"खाली काय लावलं होतं?"

"कागद."

"कोणता?"

"लेजरचा. दोन-दोन पानं लावली होती."

तो हसेल असे वाटले होते. हसला नाही. त्याने विचारले, "भरलं कोणी?" आम्ही ताईंचे नाव सांगितले. तो म्हणाला, "हात एकदम चांगला आहे. आरे मोजा. चोवीसच्या चोवीस सारखे आहेत."

मग त्याने आमच्या खिशातला रुमाल काढून आमच्याच हातात दिला आणि ओढायला सांगितले. उभा ओढला, आडवा ओढला, ताणला गेला नाही. तिरका ओढला तेव्हा थोडा वाकडा झाला. हे विणीचे कापड. उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे ते आपले आपण ताठ राहते. मग टी-शर्टची बाही ओढायला दिली. दीडपट लांबली आणि सोडल्यावर परत आली. टी-शर्टचे कापड, ज्याला आपण होजियरी म्हणतो, ते स्वेटरसारखे फाश्यांचे असते. एक सलग धागा फासा घालीत घालीत गेलेला. फासा उघडतो म्हणून ते ताणते, आणि रुंदीकडे जास्त ताणते.

आता ह्या कापडावर काय झाले ते पाहा. ताईंनी सवयीप्रमाणे कापड रिंगमध्ये डफासारखे ताणले. ताणलेल्या कापडावर चक्र गोल भरले. रिंग काढली, कापड आपल्या मूळ जागेवर गेले, आणि चक्र रुंदीकडून आकसले. हे एक. दुसरे असे, की प्रत्येक टाका दोऱ्याच्या ताणाने कापडाला आपल्याकडे थोडे ओढतो. झिगझॅगचा झोका डावी-उजवीकडे, म्हणजे ओढही त्याच दिशेला. भाच्याच्या अंदाजाने त्या एका चक्रात आठ-दहा हजार टाके होते. एकेक टाका केसाएवढा ओढीत असेल, पण आठ हजार वेळा. ही ओढ कापडाने सोसायची नसते. खाली जे लावले असेल त्याने ती सोसायची असते.

आणि खाली होता आमचा कागद. आम्ही रोज पावत्यांवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावतो. ते तिकीट फाडताना सहज वेगळे होते, कारण कडेला भोकांची ओळ असते. सुई कागदाला तेच करते. टाके विरळ असतील तर कागद टिकतो. चक्रासारखे दाट काम असेल तर सुईच त्याचा तुकडा पाडते. दोन पाने लावली तर दोन्ही पाने फाटतात. जे राहिले ते आपण हौसेने फाडून टाकतो. मग धुताना त्या टाक्यांना धरून ठेवणारे खाली काही उरतच नाही. आम्ही पाने दुप्पट करायला सांगितली तेव्हा कापडाकडे पाहिले नव्हते, आणि ताई सांगत होत्या ते ऐकले नव्हते.

"मग खाली काय लावायचं?" आम्ही विचारले.

त्याने पिशवीतून पांढऱ्या, कापडासारख्या दिसणाऱ्या वस्तूचा तुकडा काढला. ह्याला धागा-विणी नसते. तंतू सर्व दिशांना पसरून दाबलेले असतात, म्हणून ते कोणत्याही बाजूने ताणत नाही आणि हाताने सरळ फाटत नाही. बाजारात त्याला नॉनवोव्हन किंवा बॅकिंग म्हणतात. काम झाल्यावर नक्षीभोवती अर्धा इंच सोडून कात्रीने कापायचे. नक्षीखालचा भाग कायम आत राहतो आणि प्रत्येक धुण्यात टाके धरून ठेवतो. ताणणाऱ्या प्रत्येक कापडाला, म्हणजे टी-शर्ट, स्वेटर, खेळाचे कपडे, ह्यांना हेच. फाडायचा कागद फक्त जे कापड स्वतः ताठ आहे त्याला. आमची खोळ आणि पिशव्या त्यामुळेच चांगल्या झाल्या होत्या. त्यात कागदाचे काही कर्तृत्व नव्हते.

आम्ही लगेच विचारले, "कॅरीबॅगही अशाच कापडाच्या येतात, त्या कापून लावल्या तर?" काटकसरीचा रोग असा एका दिवसात जात नाही. भाचा म्हणाला, "मामा, त्या बॅगवर इस्त्री फिरवा, मग समजेल." आमच्या आयुष्मतींनी एक तुकडा घेऊन इस्त्री फिरवलीच. तो आकसून इस्त्रीच्या तळाला चिकटला आणि अर्धा तास इस्त्री खरवडत बसावे लागले.

हे बॅकिंग वजनावर ओळखतात. एक चौरस मीटर तुकड्याचे वजन किती ग्रॅम, त्याला जीएसएम म्हणतात. छपाईच्या कागदालाही हेच माप असते. हलक्या, विरळ कामाला चाळीसच्या आसपासचे पुरते. दाट चक्राला साठ ते ऐंशीचे किंवा हलक्याचे दोन थर, एक उभा आणि एक आडवा. टाके जितके दाट तितके खालचे भक्कम, एवढे लक्षात ठेवले तरी बरेचसे जमते. मात्र पातळ टी-शर्टला फार जाड लावले तर छातीवर पुठ्ठा शिवल्यासारखे दिसते. जळगावच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा ते अंगाला टोचतेही. बाळाच्या झबल्याला तर उलट्या बाजूने इस्त्रीने चिकटणाऱ्या मऊ फ्युजिंगचा एक तुकडा वरून झाकावाच. बाळ सांगू शकत नाही की टोचते आहे. रडते, आणि आपण त्याला भूक समजतो.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन आम्ही ताईंच्या घरी गेलो. सांगायला कठीण जात होते. म्हणालो, "ताई, चूक कागदाची होती." त्या पिकोचे काम करीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "कागद काही आपल्या पायानं चालत नव्हता आला भाऊ."

हे ऐकून आम्ही गप्प बसलो. शेवटी भाच्यानेच मार्ग काढला. तो म्हणाला, "मावशी, एक जुना बनियन द्या आणि मला तुमचं काम पाहू द्या." त्याने बनियनच्या उलट्या बाजूला आधी हलके फ्युजिंग इस्त्रीने चिकटवले, म्हणजे फासे जागेवर थांबले. मग बॅकिंगचा तुकडा रिंगपेक्षा चारी बाजूंनी मोठा घेतला आणि दोन्ही मिळून रिंगमध्ये बसवले. ताणून नव्हे, नुसते सपाट. टोकदार सुई काढून गोल टोकाची बसवली. टोकदार सुई फासा कापते आणि पुढे तेथे भोक पडत जाते. गोल टोक फाशाला बाजूला सारून जाते. मग ताई बसल्या. तीन महिन्यांनी बसल्या होत्या, पण हात जागच्या जागी होता. चक्र झाले. आम्ही ते घरी नेऊन तीन वेळा धुतले, वाळवले, इस्त्री केली आणि फूटपट्टीने मोजले. जुन्या टी-शर्टवरचे चक्र उभे साडेतीन इंच आणि आडवे तीन भरत होते. ह्यात एका सुताचाही फरक नव्हता.

रात्री हिशेब मांडला. एका चक्राला लागणाऱ्या बॅकिंगचा खर्च फार तर अडीच रुपये. साठ नगांचे दीडशे. हे दीडशे वाचविण्यासाठी गटाचे चोवीसशे बुडाले आणि पंधराशे भरावे लागले. एकोणचाळीसशे रुपये. शिवाय ताईंचे नाव वहीत लागले, ते कोणत्या रकान्यात मांडायचे ते बी.कॉम.ला शिकवीत नाहीत.

पुढच्या बैठकीत आम्ही सर्व हकिगत सांगितली. ताईंचे नऊशे रुपये आमच्या पगारातून दोन हप्त्यांत दिले. इतिवृत्ताचे ते पान फाडून टाकतो असेही म्हणालो. तेव्हा ताई पहिल्यांदा बोलल्या. "पान नका फाडू. त्यावर माझी सही आहे. त्याच्या खालीच खरं काय ते लिहा, आणि तुमची सही करा." तसे केले. ते लिहिताना 'निष्काळजीपणा' हा शब्द आम्हाला परत वापरावा लागला, ह्या वेळी योग्य माणसापुढे. वही आता सचिव भगिनी लिहितात. आम्ही वर्षाअखेर फक्त बेरजा तपासतो.

त्यानंतर जे शिकलो ते ताईंकडून आणि भाच्याच्या फोनवरून. इतर गटांना उपयोगी पडेल म्हणून थोडे सांगतो.

विहारासाठी साटनचा फलक करताना आम्हाला वाटले, साटन ताणत नाही, म्हणजे फाडायचा कागद चालेल. ताईंनी आधी तुकड्यावर करून पाहिले. अक्षरांभोवती बारीक चुण्या आल्या. साटन ताठ दिसते, पण पातळ आणि निसरडे असते, शिवाय त्याच्या चकाकीत सुताएवढी चुणीही लांबून दिसते. त्याला कापून काढायचे मध्यम बॅकिंग लागले, आणि तेही केवळ अक्षरांखाली नव्हे तर पूर्ण रिंगभर. रिंगचा वळ उठू नये म्हणून आतल्या कड्याला जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळली. साटनवर चुकले तर उसवता येत नाही, सुईची भोके तशीच राहतात. म्हणून अकरा नंबरची बारीक सुई, आणि अक्षरे आधी कागदावर लिहून शुद्धलेखन तपासून घेतलेले बरे. मखमलीचे दुखणे त्याच जातीचे: तिला रिंगमध्ये दाबले की लव कायमची मोडते. म्हणून रिंगमध्ये फक्त बॅकिंग ताणतात आणि मखमल वरून टाचून घेतात. शाळेच्या टेरिकॉट शर्टाच्या खिशाला काही त्रास नाही, कागद चालतो.

जॉर्जेट आणि नेट ह्यांचे मात्र वेगळेच. त्यांच्या आरपार दिसते. खाली काहीही ठेवा, पदरातून पांढरा ठिपका दिसणारच. आणि फ्युजिंग चिकटवले तर गोंद वर फुटतो. त्यासाठी पाण्यात विरघळणारे बॅकिंग मिळते. एक थंड पाण्यात विरघळते, दुसऱ्याला गरम पाणी लागते. काम झाले की बुडवायचे, खालचे नाहीसे होते आणि पदरावर फक्त फुले राहतात. त्याआधी त्याच कापडाचा कोपरा पाण्यात घालून रंग जातो का ते पाहावे. लग्नाच्या साडीवर हा प्रयोग प्रथमच करू नये. आम्ही केला नाही, पण करणार होतो.

फुले मार्केटमध्ये साडीच्या काठाला लावायची जी केमिकल लेस मिळते, तीही अशीच होते, हे ऐकून आम्हाला नवल वाटले. त्या लेसला खाली कापडच नसते, सगळा दोराच. आधी विरघळणाऱ्या कापडावर भरतात आणि मग ते कापड काढून टाकतात. ही युक्ती जुनी आहे. 1863 साली आयझाक ग्रोब्ली ह्या स्विस माणसाने भरतकामाचे एक मोठे मशीन काढले. त्याला शिफ्ली म्हणतात, म्हणजे छोटी होडी, कारण त्यातील धोटा होडीच्या आकाराचा असतो. पुढे 1880 नंतरच्या काळात स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन आणि जर्मनीतील प्लाउएन येथील कारखाने रेशमी कापडावर सुती दोऱ्याने भरीत आणि मग रसायनात घालून खालचे रेशीम जाळून टाकीत. दोऱ्याची जाळी उरे. ताईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "रेशीम जाळायचं आणि सूत ठेवायचं? लई पैसेवाले लोक असतील."

आता ताई गटातील दोघी भगिनींना शिकवतात. काम आले की आधी कापड तिन्ही बाजूंनी ओढून पाहतात, मग उजेडासमोर धरतात, मग त्याच कापडाचा तुकडा मागतात. तुकडा नसेल तर एक नग जास्त मागतात, आणि चाचणीचा नग भरून, धुऊन झाल्याशिवाय दर सांगत नाहीत. गिऱ्हाईक कुरकुरते. आम्हीही सुरुवातीला कुरकुरलो होतो. खर्चपत्रकात 'बॅकिंग' असा नवीन रकाना सचिव भगिनींनी स्वतः आखला आहे.

सध्या बाळांच्या नावाच्या टॉवेलांचे काम जोरात आहे. टॉवेलला खालून तर लावावे लागतेच, पण वरूनही विरघळणारा पातळ पारदर्शक कागद अंथरावा लागतो. नाहीतर टॉवेलचे फासे अक्षरांतून डोके वर काढतात आणि 'सिद्धार्थ' चा 'द्ध' वाचता येत नाही. हा वरचा कागद मोठा नाजूक. मे महिन्यात कडकडून तुटतो, आणि श्रावणात हवेतील ओलीने चिकट होऊन त्याचा गोळा होतो. गेल्या पावसाळ्यात एक अख्खी गुंडाळी अशी वाया गेली. त्या वेळी ती आमच्या घरी, खिडकीजवळ ठेवलेली होती. आता ताईंनी ती आपल्या घरी, पापडाच्या कडीच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली आहे. डब्याला आम्ही हात लावायचा नाही, असे ठरले आहे.